शिकवणाऱ्याचं गाणं

"स्वतः गाता, की फक्त शिकवता?"

गाण्याच्या शिक्षकाला हा प्रश्न जन्मभर ऐकावा लागतो. मुलीला क्लासला घालायला आलेले आईवडील तो विचारतात आणि लग्न ठरवायला आलेले पाहुणेही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या 'फक्त'मध्ये एक जुना समज मुरलेला आहे. ज्याला मैफल साधली तो गवई, ज्याला साधली नाही तो मास्तर. वसंत कानेटकर आपल्या नाशिकच्या एच.पी.टी. महाविद्यालयात अनेक वर्षं मराठी शिकवत आणि त्याच काळात नाटकं लिहीत. ते लिहितात, की फक्त शिकवतात, अशी शंका कुणाला आली नाही. प्राध्यापकी त्यांच्या नावाला शोभून दिसली. गायकाच्या बाबतीत मात्र शिकवणी म्हटली, की माणूस मनातल्या मनात त्याला एक पायरी खाली उतरवतो.

हा समज कुठून आला, त्यात तथ्य किती, आणि आज गाणं शिकवून जगणाऱ्याची खरी अडचण काय, हे एकदा नीट पाहायला हवं. नाशिककरांनी तर नक्कीच पाहायला हवं, कारण गाणं शिकवणं हा प्रतिष्ठेचा पेशा व्हावा म्हणून ज्या माणसानं आयुष्य घातलं, त्यानं आपली अखेरची वर्षं याच गोदाकाठी काढली. पंचवटीत इंद्रकुंडापाशी त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथल्या कार्यक्रमांना आपण जातो, पण पाटीवरच्या नावाशी फारसं थांबत नाही.

विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, शाळा सुटली आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. १८९६मध्ये त्यांनी मिरज सोडली. संस्थानिकाच्या आश्रयावर बसून राहण्याचा काळ मागे टाकून ते उत्तरेकडे निघाले. काठेवाडात तिकीट लावून जाहीर बैठक केली. ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय उघडलं. सुरुवातीला तिथे विद्यार्थीच येत नव्हते. १९०८मध्ये ते मुंबईत आले आणि तिथे शाळेनं मोठं रूप घेतलं. स्वतःचा छापखाना, वाद्यं दुरुस्त करायचा आणि बनवायचा कारखाना, स्वरलिपीतली पुस्तकं, वसतिगृह असा सगळा पसारा उभा राहिला.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती एकच गोष्ट. त्यांचा 'उपदेशक वर्ग'. होतकरू मुलं शाळेतच राहत. राहणं, जेवण आणि शिक्षण फुकट. बदल्यात ठरावीक वर्षं शिकायचं आणि मग संस्था सांगेल त्या गावी जाऊन शिकवायचं, असा करार. तानसेन नव्हे, कानसेन तयार करतो, हे वाक्य विष्णुबुवांच्या नावावर सांगितलं जातं आणि प्रत्येक समारंभात ऐकू येतं. पण त्यांच्या हातून प्रत्यक्ष जे घडलं ते तिसरंच होतं. त्यांनी शिक्षक घडवले. तोवर उस्ताद शिकवत नसत असं नाही. घरातल्याला, नात्यातल्याला, गंडा बांधलेल्याला शिकवत, आणि तेही त्यांच्या मर्जीनं. ठरावीक वेळ, ठरावीक फी, ठरावीक पाठ, येईल त्याला प्रवेश, आणि हे करणारा माणूस निर्व्यसनी, स्वच्छ कपड्यातला, समाजात मान ताठ ठेवून फिरणारा, हे चित्र मात्र नवं होतं. आज गंगापूर रोडला किंवा सिडकोत एखादी बाई घराच्या पुढच्या खोलीत तंबोरा लावून पाच मुलींना भूप शिकवते, तेव्हा ती त्या चित्राच्याच आत बसलेली असते.

त्याची किंमत विष्णुबुवांनी स्वतः मोजली. मुंबईची इमारत कर्जावर उभी होती. व्याज भागवायला ते गावोगाव मैफली करत; गाण्याचा पैसा शाळेत जाई. म्हणजे शिकवण्यानं गायक पोसला जातो असं आपण समजतो, तिथे गाण्यानं शाळा पोसली जात होती. शेवटी तेही पुरलं नाही. १९२४च्या सुमारास इमारत लिलावात गेली. तोवर त्यांचं मन रामनामाकडे वळलं होतं. नाशिकला त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला होता, तिथे ते राहिले. रामायण गात, शिकवत, भगव्या वस्त्रात. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. बहुतेक अपत्यं आधीच गेली होती. मागे राहिला तो जेमतेम दहा वर्षांचा दत्तात्रेय, म्हणजे पुढचे द. वि. पलुस्कर, आपले बापूराव.

इथे गोष्ट संपली असती, तर शाळा काढणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे एवढाच निष्कर्ष निघाला असता. पण त्याच वर्षी शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आणि पोरक्या बापूरावांना गाणं कुणी दिलं? विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी. चौदाव्या वर्षी, १९३५ साली, जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात बापूराव गायले. १९५५मध्ये ते गेले तेव्हा चौतिशीत होते, तरी त्यांचं गाणं आजही घराघरांत वाजतं. वडिलांनी शिक्षक घडवले नसते, तर हा गायक झाला नसता. गाणं शिकवण्याचा पेशा काय देतो याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

दुसरा पुरावा कानपूरचा. विष्णुबुवांनी १९२६मध्ये शंकर श्रीपाद बोडस या शिष्याला तिथे धाडलं. गिरण्यांचं शहर, रागदारीची ओढ असणारे मोजके, ओळखीचं कुणी नाही. बोडसांनी तिथे जन्म काढला आणि शिकवत राहिले. अखिल भारतीय कीर्तीचे मैफली गवई म्हणून त्यांचं नाव झालं नाही. पण त्यांच्या घरात काशीनाथ बोडस वाढले, वीणा सहस्रबुद्धे वाढल्या. वीणाताईंनी ग्वाल्हेरचा पाया घेऊन स्वतःचं गाणं घडवलं, देशपरदेशात गायल्या आणि पुण्याच्या एस.एन.डी.टी.मध्ये गायन विभागाच्या प्रमुख म्हणून शिकवलंही. गाणं शिकवणाऱ्याचं पीक पुष्कळदा दुसऱ्याच्या शेतात आणि पंचवीस वर्षं उशिरा येतं. हिशेब मांडणाऱ्याला ते दिसत नाही.

तरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. शिकवण्यानं गाणं झिजतं, हा समज निव्वळ खोटा नाही. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांचं उदाहरण घ्या. मुंबईचा मराठी माणूस, भातखंड्यांचा पट्टशिष्य, फैयाज खाँसाहेबांची तालीम मिळालेला. लखनौच्या मॅरिस कॉलेजचं प्राचार्यपद त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ सांभाळलं. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कैकिणी, सुमती मुटाटकर, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग ही सगळी माणसं त्या एका माणसाच्या हाताखालून गेली. पण रातंजनकरांचं मैफलीतलं नाव त्यांच्या विद्वत्तेच्या मानानं लहान राहिलं. वेळापत्रकं, परीक्षा, समित्या, पगारपत्रकं यांत उमेदीची वर्षं गेली. त्यांच्या शिष्यांना जे मिळालं ते अमोल आहे, हे मान्य करूनही मला ही हळहळ लपवता येत नाही. भास्करबुवा बखल्यांचं उलट झालं. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात ते गायनशिक्षक होते. पुढे ती नोकरी सुटली आणि ते मैफलीचे बादशहा झाले. तरी शिकवणं सुटलं नाहीच. १९११मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची मुहूर्तमेढ त्यांचीच, आणि बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे हे त्यांचेच शिष्य.

मग फरक कशानं पडतो? प्रतिभेचा भाग सोडून देऊ, त्यावर कुणाचा इलाज नाही. बाकी राहतात तीन गोष्टी: गळा, घड्याळ आणि पैसा.

गळ्याची गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पुरुष गायकाचा षड्ज बहुधा काळी एक-दोनच्या आसपास असतो. क्लासला येणाऱ्या मुली काळी चार-पाचमध्ये गातात. म्हणजे शिक्षकाचा पंचम हा विद्यार्थिनीचा षड्ज. ती मध्य सप्तकात आरामात फिरते, तेव्हा त्याला तिच्याबरोबर गायचं तर सतत वरच्या पट्टीत ताणून गावं लागतं. ती तार षड्जाला गेली की त्याला स्वतःचा तार पंचम गाठावा लागतो. नाहीतर खाली उतरून खर्जात गायचं आणि मुलीनं ते वरच्या सप्तकात उचलायचं, जे नवख्या कानाला जड जातं. बाईंची अडचण वेगळी: तेराचौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटला, की त्याच्यासाठी पट्टी रोज शोधावी लागते. असे चार तास काढल्यावर, आठवड्यातले सहा दिवस, स्वतःच्या गळ्यात काय उरतं? म्हणून बरेच शिक्षक गाण्याऐवजी पेटीवर बोट ठेवून सूर दाखवतात. गळा वाचतो, पण पेटीच्या पट्ट्या जागच्या हलत नाहीत, तिला मींड काढता येत नाही, आणि मूल तेच सूर खरे मानून बसतं. आकाशवाणीनं १९४०पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी केली होती, ती अतिरेकी होती असं माझं मत आहे. पण शिकवताना पेटीवर विसंबण्याचा धोका मात्र खरा आहे.

गळ्याची ही काळजी आपल्याकडच्या शिक्षकांपैकी फार थोड्यांनी शास्त्र म्हणून केली. त्यात प्रा. बी. आर. देवधर पहिले. विष्णुबुवांचे शिष्य, १९२५मध्ये गिरगावात स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढणारे, पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केलेले. आवाज कसा तयार होतो, कसा बिघडतो, याचा त्यांनी जन्मभर ध्यास घेतला. कुमार गंधर्व कोवळ्या वयात त्यांच्याकडे आले, तिथेच शिकले आणि देवासला जाण्यापूर्वी तिथेच शिकवू लागले. युरोपातही अशी परंपरा एका शिक्षकापासून सुरू झाली. मॅन्युएल गार्सिया हा गायक म्हणून फार चालला नाही आणि शिकवण्याकडे वळला. १८४१मध्ये जेनी लिंड ही स्वीडिश गायिका थकलेला, चिरलेला गळा घेऊन त्याच्याकडे पॅरिसला आली, तेव्हा त्यानं पहिली आज्ञा केली ती गाणं बंद ठेवण्याची. विश्रांतीनंतर त्यानं तिला शिकवलं आणि ती युरोपात गाजली. घशातल्या स्वरतंतूंची हालचाल आरशानं पाहण्याची युक्ती त्याच गार्सियानं शोधली आणि डॉक्टरांना ती वापरायला मिळाली. मैफलीत कमी पडलेला हा माणूस शिकवण्यात कुणाहून उणा नव्हता.

घड्याळाची अडचण साधी आणि निर्दय आहे. मुलं शाळेतून येतात, म्हणून क्लास संध्याकाळी पाच ते नऊ. मैफलीही संध्याकाळीच. परीक्षांचा एक हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरचा, आणि थंडीतल्या संगीत महोत्सवांचा हंगामही तोच. ज्या आठवड्यात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव चालू असतो, त्या आठवड्यात नाशिकची शिक्षिका बहुधा प्रवेशिकेच्या मुलांकडून ताना घोटून घेत असते. स्वतः गाणं तर दूर, ऐकायलाही जाता येत नाही. आणि ऐकणं थांबलं की गाणं आतून वाळू लागतं.

पैशाचा हिशेब करून पाहा. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. चाळीस विद्यार्थी, महिना आठशे रुपये: बत्तीस हजार. मे महिना, दिवाळी, सहामाही परीक्षा, दहावी-बारावीला होणारी गळती धरली, तर वर्षाकाठी दहा महिन्यांची फी हातात पडते. तीन लाख वीस हजार. त्यातून जागेचं भाडं, तबल्याच्या साथीचे पैसे, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचं सभागृह आणि ध्वनिक्षेपक. भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. घसा बसला की त्या आठवड्याची कमाईही बसली. मैफलीतून भर पडावी, तर आयोजक मानधन देतो त्यातून साथीदारांचं आणि प्रवासाचं आधी भागवावं लागतं. छोट्या गावच्या कार्यक्रमात मुख्य गायकाच्या हाती तबलजीपेक्षा कमी उरल्याचे प्रसंग या क्षेत्रात वावरणाऱ्यांना नवे नाहीत.

शाळेतली नोकरी हा यावरचा उपाय होता. तोही आक्रसला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं उच्च प्राथमिक शाळेत शंभराहून जास्त मुलं असली, तर कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक धरला आहे. अंशकालीन. म्हणजे विशारद, अलंकार झालेल्या माणसानं प्रार्थना, समूहगीत, पंधरा ऑगस्ट आणि स्नेहसंमेलन सांभाळायचं आणि तेही अर्ध्या वेळेच्या मोलानं. ज्या राज्यातून विष्णुबुवा निघाले त्या राज्याला हे शोभत नाही.

याच्या शेजारी एक जुना करार ठेवतो. १८७८मध्ये फ्रँकफर्टच्या संगीतशाळेनं क्लारा शूमान या पियानोवादिकेला शिकवायला बोलावलं. तेव्हा ती सगळ्या युरोपात गाजलेली होती. तिनं अटी घातल्या: शिकवेन ते घरी, दिवसाला दीड तास, वर्षाला चार महिने सुट्टी, आणि हिवाळ्यात दौऱ्यावर जायची मोकळीक. शाळेनं ते मान्य केलं. आपल्या कलेला लागणारा वेळ तिनं आधी बाजूला काढला आणि उरलेला शाळेला दिला. आपल्याकडच्या शिक्षकाला अशी अट घालता येत नाही, कारण त्याच्यामागे तेवढं नाव नसतं, हे खरं. पण कलाकार-शिक्षकाला वर्षातले काही आठवडे पगारी मोकळे मिळावेत, ही कल्पना एकाही संस्थेला परवडणार नाही इतकी महागही नाही. कोलकात्याच्या आय.टी.सी. संगीत रिसर्च ॲकॅडमीत गुरूला राहायला घर आणि मानधन मिळतं, मोजके शिष्य असतात आणि गायला मोकळीक असते. उल्हास कशाळकर मूळचे विदर्भातले; तिथे गुरू म्हणून त्यांनी अनेक वर्षं शिकवलं, आणि त्याच वर्षांत त्यांचं गाणं अधिक खोल होत गेलं. वेळेची राखण झाली की शिकवणं गाण्याला मारत नाही, हे तिथे दिसलं.

पियानोकडे जरा वळतो, कारण नाशिकमध्येही आता कीबोर्ड आणि पियानोचे क्लास गल्लोगल्ली निघाले आहेत. आपण 'काळी चार' म्हणतो तेव्हाही नकळत त्याच पट्ट्यांची भाषा बोलतो. पेटी युरोपातून आली आणि आपल्या गवयाच्या षड्जाला नाव देऊन गेली. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत; तिथून निघालेल्या गोवेकरांनी मुंबईत तीन पिढ्या पियानो आणि व्हायोलिन शिकवलं, चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. पण एकल पियानोवादक म्हणून आपल्या देशात पोट भरणं जवळपास अशक्य. देशातला एकमेव व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा २००६मध्ये मुंबईला एन.सी.पी.ए.त सुरू झाला, आणि ऑर्केस्ट्रात पियानोला कायमची खुर्चीही नसते. त्यामुळे पियानोवाला सुरुवातीपासूनच शिक्षक असतो आणि त्याला त्याची लाज वाटत नाही. शोपॅं तरी काय करत होता? जाहीर कार्यक्रम त्यानं आयुष्यात तीसेकच केले. पॅरिसमधल्या घरंदाज स्त्रियांना पियानो शिकवून तो जगला. त्याला कुणी मास्तर म्हणून कमी लेखलं नाही.

पियानोच्या आणि आपल्या गाण्याच्या क्लासात एक साम्य मात्र सारखं खुपतं. तिकडे लंडनच्या मंडळांच्या आठ ग्रेड, इकडे प्रारंभिकपासून अलंकार पूर्णपर्यंतच्या नऊ परीक्षा. परीक्षांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ती ठेवणार नाही. परीक्षा नसत्या तर सिन्नरच्या किंवा मनमाडच्या मुलीला आपण कुठवर आलो हे कळलंच नसतं, आणि शिकवणाऱ्याला वर्षाचा आराखडा मिळाला नसता. पण दहावीच्या गुणपत्रिकेत शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून क्लासची दिशा बदलली. पालक आता विचारतात, "दहावीच्या आत किती परीक्षा होतील?" मध्यमा झालेल्या मुलाला यमनची बंदिश, आलाप, ठरवलेल्या आठ ताना पाठ असतात. त्याला म्हणावं, आता पाच मिनिटं तुझ्या मनानं यमन गा, तर तो शिक्षकाकडे पाहतो. दोष मुलाचा नाही. वर्षाला दोन परीक्षांच्या घाईत राग मुरायला वेळच मिळत नाही. आणि ज्या शिक्षकाला सगळं वर्ष त्याच आठ ताना ऐकाव्या लागतात, त्याची स्वतःची उपज कुठून टिकणार?

शिकवणाऱ्यांमध्ये आज स्त्रिया फार मोठ्या संख्येनं आहेत, आणि त्यांच्या वाटचालीचा वेगळा आढावा कधीतरी कुणीतरी घ्यायला हवा. मोगूबाई कुर्डीकरांनी ऐन उमेदीत वैधव्य आल्यावर गाऊन आणि शिकवून तीन मुलं वाढवली. त्यांच्या शिस्तीतून किशोरीताई आमोणकर घडल्या, पद्मा तळवलकरांना तालीम मिळाली, डॉ. अरुण द्रविड घडले. प्रभा अत्रे १९७९पासून एस.एन.डी.टी. विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या, आणि त्या वर्षांत त्यांच्या मैफलीची धार कमी झाली असं कुणी म्हणू शकणार नाही. उलट विचार करून गाणारी, लिहिणारी, नव्या बंदिशी बांधणारी गायिका म्हणून त्या अधिकच उजळल्या. पण या शिखरावरच्या बायका झाल्या. खाली पायथ्याशी असंख्य जणींची कथा एकसारखी आहे. विशारद होईपर्यंत माहेरी कौतुक, लग्नानंतर "घरातच क्लास घे, तेवढाच विरंगुळा", आणि पंधरा वर्षांनी तिच्या विद्यार्थिनी स्पर्धा जिंकतात तेव्हा तिला आठवतं, की आपण स्वतः शेवटचा बडा ख्याल पूर्ण गायलो त्याला किती वर्षं झाली. घरात घेतलेला क्लास हे काम असतं. त्याला विरंगुळा म्हटलं की फी मागताना आवाज खाली जातो, आणि रियाजासाठी सकाळचा तास मागताना तर तोंडच उघडत नाही.

करोनानंतर मोबाइलवरच्या शिकवणीनं एक दार उघडलं आहे. नाशिकच्या शिक्षकाकडे आता न्यू जर्सीतल्या किंवा सिडनीतल्या मराठी घरांतली मुलं शिकतात. पहाटे साडेपाचला अमेरिकेतली संध्याकाळ, म्हणजे रियाजाची वेळ तिकडे जाते. फी बरी मिळते. पण आवाज पोहोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या उशिरामुळे गुरू-शिष्यांना एकत्र सूर लावता येत नाही. शिक्षक गातो, थांबतो, मूल गातं. समोर बसून गुरूच्या आवाजात आपला आवाज मिसळून देताना जे शिकलं जातं, ते यात हरवतं. पं. जितेंद्र अभिषेकींकडे शिष्य घरात राहत. स्वयंपाकघरातून, प्रवासातून, मध्यरात्रीच्या चालीतून गाणं त्यांच्या कानावर पडे. ते दिवस परत येणार नाहीत. तरी महिन्यातून एकदा तरी समोरासमोर बसायची अट घालणारे शिक्षक मला शहाणे वाटतात.

आता नाशिकबद्दल. आपलं शहर मुंबई-पुण्याच्या जवळचं. मोठ्या महोत्सवांसाठी आपण प्रवास करतो किंवा बाहेरचे कलावंत बोलावतो. कालिदास कलामंदिरात मोठं नाव आलं की तिकिटं संपतात. ती संपावीतही. पण याच शहरात रोज संध्याकाळी शेकडो मुलांना सूर लावायला शिकवणाऱ्यांना वर्षातून किती वेळा व्यासपीठ मिळतं? ग्वाल्हेरला कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४पासून शाळा चालवली, शिकवलं आणि नव्वदीपर्यंत गायले. त्यांच्या गावानं त्यांना ऐकणं सोडलं नाही. गायकाला सगळ्यात आधी त्याच्या गावचा कान लागतो. तो नसेल तर उत्तम गळासुद्धा हळूहळू फळ्यासमोरचा खडू होतो.

संस्थांना आणि महापालिकेला सांगण्यासारखं पुष्कळ आहे: शाळेत पूर्णवेळ संगीतशिक्षक, स्थानिक कलाकार-शिक्षकांसाठी दर महिन्याला एक सशुल्क बैठक, साथीदारांसह ठरलेलं मानधन. पण त्याला वेळ लागेल. पालकांना मात्र एक गोष्ट या वर्षीच करता येईल.

गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम बहुतेक क्लासांत होतो. सगळी मुलं ओळीनं गातात. प्रत्येक मुलाचं गाणं झालं की त्याच्या घरचे चार जण उठतात, फोटो काढतात आणि निघतात. रात्री नऊच्या पुढे, सगळ्यांत शेवटी, ताई किंवा सर स्वतः गायला बसतात. तंबोरा नीट लावतात, वर्षभर कुणाला न ऐकवलेला एखादा राग काढतात. तोवर सभागृहात तबलजीचे घरचे आणि खुर्च्या उचलणारी माणसं उरलेली असतात.

या वर्षी तेवढा तासभर थांबा.